शेंदराखालचं नाव

त्या साली मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली, आणि पुनर्वसूतल्या ढगांनी गावावर नुसती सावली धरली. धानाचे पऱ्हे वीतभर वर येऊन पिवळे पडले. एरवी या दिवसांत बायांच्या माना खाली आणि पोटऱ्या चिखलात असायच्या. आता त्या दारात बसून आभाळाकडे पाहत असत. तळं तर उन्हाळ्यातच आटलं होतं. म्हाताऱ्या माणसाच्या टाचेसारखा त्याचा तळ भेगाळून उघडा पडला होता. सरकारनं तळं खोल करण्याचं काम काढलं, आणि ज्या हातांत रोवणीला पऱ्ह्यांच्या जुड्या यायच्या त्या हातांत कुदळी आल्या.

मंगरू शहारे त्या खोदणाऱ्यांत होता. साठीकडे झुकलेला, अंगानं सुकलेला, उजव्या खांद्यानं जरासा खाली. तो खोदायचा आणि त्याची बायको तुळसा मातीची टोपली डोक्यावर घेऊन तळ्याच्या बांधावर, पाळीवर चढायची. पाळीवर, जिथून बौद्धांच्या वस्तीची वाट फुटते, तिथे कमरेएवढी एक शिळा उभी होती. तुळसा प्रत्येक खेपेला तिच्याजवळून जाताना टोपलीचा हात बदलायची आणि मोकळा झालेला डावा हात शिळेवरून ओढत न्यायची. खालून मंगरू ते पाहायचा, आणि तिचा हात शिळेवरून निघाला की मगच पुढचा घाव घालायचा.

शिळेवर हिरालालचं नाव होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा. एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडे कुठेतरी एक नदी ओलांडताना तो गेला. देह आला नाही. एक पत्र्याची पेटी आली. पुढच्या वर्षी शिळा घडवून आणली तेव्हा ती उभी कुठे करायची यावर गाव महिनाभर बोलत राहिलं. वस्तीतल्या विहाराची भिंत मातीची, तिला तो भार पेलवेना. पाटील म्हणाले, सिपाई साऱ्या गावाचा आहे, त्याचा दगड गावात हवा. गावातल्या चौकात मारुती होता, आणि तिथे शहाऱ्यांच्या पोराचा दगड नको, असं कुणी उघड म्हणालं नाही, पण खड्डा खणायला कुणी आलंही नाही. शेवटी शिळा पाळीवर गेली. ती ना गावात राहिली ना वस्तीत.

दुपारी मंगरूची कुदळ ठण्णकन वाजली. त्यानं हातानं माती उकरली. नारळाएवढा, गुळगुळीत, काळा गोटा निघाला; खाचांतून जुन्या शेंदराचे पापुद्रे चिकटलेले. बुडाशी एक टवका उडालेला होता. तो टवका मंगरूनं अंगठ्यानं चाचपला. त्याच्या बापाच्या हातून पडून तो उडाला होता. हा त्याच्या घरचा देव होता.

दीक्षेच्या साली साऱ्या वस्तीनं आपापल्या देव्हाऱ्यातले देव टोपल्यांत भरून या तळ्यात आणून सोडले होते. तळं तेव्हा काठोकाठ होतं. मंगरूच्या डोक्यावर टोपली होती आणि बोट धरून लहानगा हिरालाल. देव पाण्यात गेला, वर बुडबुडे आले, आणि हिरालालनं विचारलं होतं, "बाबा, त्याले पोहता नाई येत काय?" काठावरचे सारे हसले होते. इतक्या मोठ्यानं ती वस्ती त्याआधी कधी हसल्याचं मंगरूला आठवत नव्हतं.

त्यानं गोट्यावर माती लोटली.

"का जी मंगरू, गोट्यासंगं गप्पा मारून राहिला काय?" मुकादम भैय्यालाल वरून बोलला. तो पाटलांचा माणूस. स्वतःची दोन बांध्यांची शेती होती, आणि कामावरची छत्री फक्त त्याच्याकडे होती. "काय झाकलं? काढ वर."

"काई नाई जी. गोटा हाये."

"गोटा हाये त लाजतं काहून? काढ."

मंगरूनं काढला. भैय्यालालनं तो पाहिला आणि छत्री मिटली.

संध्याकाळपर्यंत आणखी निघाले. बोटाएवढे, मुठीएवढे, कुणाला डोळे कोरलेले, कुणाला काहीच नाही. गाव पाळीवर जमलं. गावातली म्हातारी शकुनबाई काठी टेकत आली. तिच्या अंगात येतं अशी ख्याती होती. ती बराच वेळ त्या गोट्यांकडे पाहत राहिली.

"बुडवले होते याईनं," वस्तीच्या माणसांकडे न पाहताच ती म्हणाली. "देव तहानेनं वर आले बापा. मंग पानी कसं येईन?"

वस्तीची माणसं आपापल्या कुदळी गोळा करू लागली. सगळ्यांना उद्या काम हवं होतं.

देव ठेवायचे कुठे, हा प्रश्न पुन्हा तोच झाला. बुडवलेले देव गावाच्या देवळात चालत नव्हते; वस्ती त्यांना परत घेणार नव्हती. भैय्यालालनं ते उचलवले आणि पाळीवर हिरालालच्या शिळेच्या पायाशी रांगेनं मांडून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगरू कामावर निघाला तेव्हा शिळेला शेंदूर लागलेला होता. फार नव्हता, वरच्या अंगाला, नावाच्या थोडा वर, तेलात कालवलेला वीतभर पट्टा. आणि भैय्यालाल, जो रोज आपला बैल या शिळेला बांधून झाडाखाली बिडी ओढत बसायचा, त्यानं आज बैल दूर बाभळीला बांधला. शिळेजवळून जाताना त्यानं वहाणा काढून हातात घेतल्या, मान झुकवली आणि पलीकडे जाऊन पुन्हा पायात घातल्या.

मंगरू ते पाहत उभा राहिला. त्याला राग यायला हवा होता. पण रागाच्या आधी, क्षणभर, छातीत काहीतरी उबदार हललं, आणि त्या उबेची त्याला अशी लाज वाटली की तो कुदळ तिथेच टाकून घरी परतला. माठातलं तांब्याभर पाणी घेतलं, चुलीतली राख घेतली, चिंधी घेतली. तुळसा दारात आडवी आली.

"पानी कोठं नेऊन राहिले?"

"गोटा धुतो."

"त्या पान्यात सांजेचा भात शिजन."

तो तिला वळसा घालून गेला. राखेनं घासून शेंदूर फिकट झाला, गेला नाही. पाणी त्यावरून थेंब थेंब होऊन घरंगळलं. कमरेला विळा होता. विळ्यानं खरवडता आलं असतं, पण कारागिरानं अक्षरं उथळ कोरली होती. खरवडलं असतं तर शेंदरासोबत तीही गेली असती.

मंगरूला वाचता येत नव्हतं. हिरालाल शेवटच्या सुट्टीत आला तेव्हा त्यानं घराच्या भिंतीवर कोळशानं आपलं नाव लिहिलं होतं. "बाबा, हे पहिलं माह्यं, अन हे दुसरं तुमचं. दोनी एकाच ओळीत हायेत." मंगरूनं सुट्टीभर त्या ओळीवरून बोट फिरवलं होतं. पुढच्या पावसाळ्यात भिंत सारवली गेली, पण बोटाला वळणं आठवत राहिली. शिळेवरही तीच ओळ होती; जगातलं त्याला तेवढंच वाचता येत होतं.

रोज सकाळी शेंदूर दिसायचा आणि रोज तो राख घेऊन जायचा. पट्टा खाली उतरत होता. आता एकाच हाताचं काम ते राहिलं नव्हतं; नारळाची करवंटी, हळदीचे तांदूळ, कुणी लाल चिंधी बांधलेली. बाया कडेवरची पोरं शिळेसमोर वाकवत. मग शकुनबाईला स्वप्न पडलं. सिपाई ओल्या कपड्यांनी तिच्या अंगणात आला, म्हणाला, नदीत मेलो पण पाण्याचा घोट नाही मिळाला, माझ्या बापाच्या हातानं मला शांत करा. दुपारपर्यंत ते स्वप्न साऱ्या गावाला तोंडपाठ झालं.

त्याच आठवड्यात वस्तीची विहीर तळाला लागली. दोर सोडला की बादलीत गढूळ चिखल यायचा. गावात पाणी फक्त पाटलांच्या विहिरीला उरलं होतं.

मारोतराव पाटलांनी मंगरूला बोलावलं. ते झोपाळ्यावर बसले होते. मंगरू पायरीखाली, उन्हात उभा राहिला. पाटील वाईट माणूस नव्हते. हिरालालची पेटी आली तेव्हा ते स्वतः वस्तीत आले होते, उभ्यानंच बोलले होते, पण आले होते.

"मंगरू, मी तुले धरम सोड म्हनतो काय?"

"नाई जी."

"गाव घाबरलं हाये. पऱ्हे जळून चालले. लोकाईच्या मनात एक गोष्ट बसली. तू एक डाव आपल्या हातानं शेंदूर लाव, नारळ फोड. लोकाईले धीर येईन. तुया काय जाते त्यात?"

मंगरूनं खाली पाहिलं. पायरीवर मुंग्यांची रांग होती.

"तो देव नोय जी. पोरगा होता माह्या."

"मी तेच म्हनतो ना. तुया पोराले गाव देव म्हनून राहिलं, अन तू राखेनं पुसून राहिला. उद्या काई कमीजास्त झालं त लोकं मले इचारतीन." पाटील थोडं थांबले. मग, जणू ती दुसरीच गोष्ट असावी तसं, म्हणाले, "वस्तीतल्या बाया पान्यासाठी आल्या होत्या. माया विहिरीवर पानी देतो म्हनलं. पन गावाचं मन राखलं पाहिजे. सोमवारी पूजा हाये. तेच्या नंतर देऊ."

वस्तीत परतल्यावर तो दादाजींकडे गेला. दीक्षेच्या साली पहिली टोपली त्यांनीच उचलली होती. आता डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ते विहाराच्या ओट्यावर बसून असत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बावीस प्रतिज्ञा आपन संगंच घेतल्या," ते म्हणाले.

"हो जी."

"मी तुले लाव म्हननार नाई." ते ओट्याची कड चाचपत राहिले. "नोको लावू, असंबी म्हनवत नाई. माया घरीबी माठ उलटा हाये."

शेजारची रंभाबाई ओट्याखाली उभी राहून ऐकत होती. तिची सून तीन दिवसांची बाळंतीण होती. रंभाबाई पुढे झाली. हातातलं बाळाचं दुपटं तिनं चारचौघांत उलगडून दाखवलं. ते धुतलेलं नव्हतं. मग घडी करून ती निघून गेली. मंगरूला वाटलं, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिवस कलताना तुळसानं पेज वाढली. पातळ, मिठाची. वाटी पुढे सारताना तिचा हात चुलीच्या उजेडात आला, आणि मंगरूला तिच्या अंगठ्याच्या नखाची कड दिसली. नारिंगी.

"बोटाले काय लागलं?"

तुळसानं हात पदरात घेतला. मग, लपवायचं बळच संपल्यासारखा, पुन्हा बाहेर काढून मांडीवर ठेवला.

"पयल्यांदा म्याच लावला," ती म्हणाली. "आपल्या घरच्या देवाच्या आंगचा खरडून. तेलात कालवून."

मंगरूच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"त्या दिसापासून लोकं लावून राहिले. मी एकच डाव लावला." ती चुलीकडे पाहून बोलत होती. "तुमी सांगा, इतकी वर्सं तो गोटा तेथं उभा हाये, कोन त्याचं नाव वाचलं? भैय्यालालचा बैल त्याले आंग घासे. पोट्टे बिडी विझवत. बाया पोतेरे वाळू घालत, अन मी जवळ गेली का म्हनत, सरक वो, शिवशील. मी रोज टोपली घेऊन जाओ अन रोज पाहो. मंग देव निघाले, अन मले वाटलं, लावून त पाहू." तिचा आवाज अगदी खाली गेला. "तुमी पाह्यलं ना, भैय्यालालनं वहाना हातात घेतल्या. माया लेकाच्या पाया पडून राहिले ते."

"तुया लेकाच्या नाई पडून राहिले," मंगरू म्हणाला. "शेंदराच्या पडून राहिले."

पेजेवर साय धरली. दोघांनाही एकमेकांकडे पाहवेना, कारण त्या सकाळी आपल्या छातीत काय हललं होतं ते मंगरूलाही ठाऊक होतं.

सोमवारी पाळीवर साऱ्या गावाचे पाय होते. ढोल होता, उदबत्ती होती, आभाळात ढग नव्हता. वस्तीची माणसं वाटेपाशी वेगळी उभी राहिली. बायांच्या कडेवर पाण्याचे रिकामे गुंड होते. मंगरूनं धुतलेलं धोतर नेसलं नव्हतं, धुवायला पाणीच नव्हतं. भैय्यालालनं शेंदराची वाटी त्याच्यापुढे जमिनीवर ठेवली आणि मागे सरकला. मंगरूनं ती उचलली.

शेंदूर थंड होता. त्यानं वरून सुरुवात केली. दगड उन्हानं तापला होता आणि तळव्याखाली तो जिवंत अंगासारखा लागत होता. लहानपणी हिरालालला ताप भरला की पाठीला असंच तेल चोळायचा तो. नावाच्या ओळीपाशी हात थांबला.

"नाव तेवढं सोडतो जी," तो पाटलांकडे वळून म्हणाला.

पाटलांनी शकुनबाईकडे पाहिलं.

"देवाले नाव कायले पाहिजे?" शकुनबाई म्हणाली. तिच्या आवाजात द्वेष नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

मंगरूनं वाटेकडे नजर टाकली. रंभाबाई गुंड छातीशी धरून उभी होती. त्यानं बोटं वाटीत बुडवली आणि अंगठ्यानं पहिल्या अक्षराची खाच भरली. मग दुसऱ्याची. बोटाला प्रत्येक वळण ओळखीचं होतं, आणि ज्या वळणांवरून ते वाचायला शिकलं होतं त्याच वळणांवरून ते आता ओळ बुजवत गेलं. हिरालाल संपलं. पुढे मंगरू होतं, तेही बुजलं. शेवटी दगड सगळीकडून सारखा दिसू लागला. ढोल वाजला, नारळ फुटला, आणि गावानं माती डोक्याला लावली.

पाटलांनी शब्द पाळला. विहिरीच्या ओट्यावर भैय्यालाल स्वतः रहाटाला लागला. वस्तीच्या बायांनी ओट्याखाली रांग धरली.

"देवाच्या मायेले पयले," भैय्यालाल हसून म्हणाला. "ये वो तुळसा."

"पयले बाळंतिनीच्या घरचं भर," तुळसा म्हणाली. "मंग बाकीच्याईचं. मी सगळ्याईच्या मांगून घेईन."

एकेक गुंड ओट्याखाली ठेवला जात होता. भैय्यालाल बादली वर ओढायचा आणि ओट्याच्या कडेवरून, हात लांब करून, उंचावरून धार सोडायचा. बादलीची कड गुंडाला लागू नये म्हणून मान तिरकी करून नीट अंतर राखायचा. निम्मं पाणी बाहेर सांडायचं. सांडलेलं पाणी माती पिऊन टाकायची. बाया ते सांडलेलं पाहत राहत.

रांगेत तुळसाची पाळी आली. धार गुंडाच्या गळ्यावर आपटली, चार शिंतोडे उडाले आणि भैय्यालालच्या धोतरावर पडले. तो झटकन मागे सरला. धोतराचा सोगा उचलून त्यानं झटकला.

"दूर धर ना वो जरा. आता पुन्हा आंघोळ आली मले."

तो रागावला नव्हता. रोजच्या सवयीनं बोलला. घटकाभरापूर्वी त्याचं कपाळ शिळेच्या पायथ्याशी टेकलेलं होतं आणि तिथली माती अजून भुवईवर होती.

तुळसानं त्या मातीकडे पाहिलं. मग खाली वाकून गुंड उचलला, डोक्यावर घेतला आणि चालू लागली. वस्तीची वाट आली तेव्हा ती वळली नाही. सरळ पाळीवर चढली. मंगरू तिच्या मागे गेला. ती कुठे चालली हे त्याला तिच्या पाठीवरून कळलं होतं.

शिळेपाशी गावातल्या काही बाया अजून बसलेल्या होत्या.

"सरका वो," तुळसा म्हणाली. "माह्या पोरगा हाये तो."

तिनं गुंड उतरवला आणि शिळेवर ओतला. पाणी घरंगळलं, शेंदूर तसाच राहिला. तिनं पदराचा बोळा करून घासलं, मग नखांनी. बाया उठून गावाकडे पळाल्या. मंगरू तळ्यात उतरला, दोन्ही मुठी भरून रेताड गाळ घेऊन वर आला आणि तिच्या शेजारी गुडघे टेकून दगड घासू लागला. तुळसा पाणी ओंजळीनं, जपून, थेंबाथेंबानं घालत होती. कुणी विळ्याला हात लावला नाही.

गावाच्या अंगानं आरडाओरडा ऐकू आला. मग रहाटाचा आवाज आला, आणि विहिरीवर फळ्या टाकल्याचा.

रंभाबाई भरलेला गुंड घेऊन खालच्या वाटेनं चालली होती. ती थांबली. डोक्यावरचं पाणी हलू नये म्हणून मान ताठ ठेवून तिनं वर पाहिलं.

"मंगरूदादा," ती म्हणाली, "आजचं झालं. उद्याचं काय गा?"

मंगरूनं मान वर केली आणि पुन्हा दगडाकडे वळला. गाळानं बोटाची साल निघाली होती, तरी ते ओळीवरून पुढे सरकत राहिलं. ओळीच्या मधोमध, तेलकट लेपाखाली, एक खाच लागली. त्यानं ती दोनदा चाचपून पाहिली. हिरालालचं शेवटचं अक्षर होतं ते. त्यानं तुळसाचा हात धरला, तिचं बोट त्या खाचेत ठेवलं आणि तिच्या बोटासकट ते वळण हळूहळू गिरवलं.

गुंडात तळाशी ओंजळभर पाणी उरलं होतं.